‘दिस’ सर्वनाम केव्हा, डिटर्मिनर केव्हा: एका तुकडीला इंग्रजी व्याकरण शिकवताना

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी पुण्यात बरीच वर्षे मराठी व्याकरण शिकवते. माझी पदवी इंग्रजी विषयातली असल्यामुळे, मध्यंतरी इंग्रजीच्या शिक्षकांची जागा रिकामी झाली तेव्हा तो तासही माझ्याकडे आला आणि सुरुवातच सर्वनामे आणि डिटर्मिनर (नामाआधी येऊन ते कोणते, कोणाचे, किती हे ठरवणारे ‘द’, ‘दिस’, ‘माय’ यांसारखे शब्द) या घटकापासून करावी लागली. राज्य लोकसेवा आयोगाच्या गट-ब आणि गट-कच्या संयुक्त परीक्षांमध्ये मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांच्या व्याकरणावर वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, त्यामुळे समोर बसलेल्या तुकडीला मराठी व्याकरण आणि इंग्रजी व्याकरण एकाच हंगामात घोकावे लागते. दोन्हीकडचे घोकलेले एकमेकांशी ताडून मात्र कोणी पाहिलेले नव्हते.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या वह्या चाळल्या. इंग्रजी सर्वनामांचे प्रकार एका वहीत आठ होते, दुसरीत नऊ, तिसरीत अकरा, आणि खरा आकडा कोणता यावरून मुलांमध्ये वादही झालेला दिसला. हा वाद मिटणारा नाही, कारण आकडा आपण कापणी कुठे करतो यावर ठरतो. ‘मायसेल्फ’, ‘हिमसेल्फ’ यांचे आत्मवाचक आणि जोर देणारे असे दोन उपयोग वेगळे मोजले की एक प्रकार वाढतो. ‘ईच अदर’ आणि ‘वन अनदर’ यांना परस्परवाचक म्हणून स्वतंत्र घर दिले की आणखी एक वाढतो. ‘ईच’, ‘आयदर’, ‘नायदर’ यांना अनिश्चितवाचकांतून बाहेर काढून विभाजक म्हटले की आणखी एक. मी आकडा विचारणे बंद केले. परीक्षेत ‘इंग्रजीत सर्वनामांचे प्रकार किती’ असा प्रश्न सहसा येत नाही. वाक्यातला शब्द अधोरेखित करून तो कोण हे विचारतात आणि तिथेच ही मुले अडखळत होती.

कुठे अडखळतात ते पाहण्यासाठी फळ्यावर दोनच वाक्ये लिहिली: ‘दिस इज माय पेन’ आणि ‘दिस पेन इज माइन’. दोन्ही वाक्यांतले ‘दिस’ कोणते, या प्रश्नाला बहुतेकांनी दोन्हीकडे ‘दर्शक सर्वनाम’ असे उत्तर दिले. त्यांच्या टिपणांत ‘दिस, दॅट, दीज, दोज’ ही चौकडी ‘दर्शक सर्वनामे’ या शीर्षकाखाली एकदा लिहिलेली होती, आणि शब्द जिथे लिहिलेला आहे तीच त्याची जात असे त्यांनी धरून ठेवले होते. मग त्याच फळ्यावर खाली ‘हा माझा मुलगा’ आणि ‘हा मुलगा माझा’ अशी दोन मराठी वाक्ये लिहिली. आता उत्तर यायला क्षणही लागला नाही: पहिला ‘हा’ दर्शक सर्वनाम, दुसरा सार्वनामिक विशेषण. मराठीच्या पेपरात हा प्रश्न हमखास असतो आणि नाम पुढे आले की सर्वनामाचे सार्वनामिक विशेषण होते, हे त्यांनी शाळेपासून पाठ केलेले होते. मागच्या बाकावरच्या परभणीकडच्या एका मुलाने विचारले, “मॅडम, मग इंग्रजीतही हेच आहे का?” हेच आहे. नामाच्या जागी एकटा उभा राहिला तर सर्वनाम, नामाला हाताशी धरून आला तर डिटर्मिनर. ही एकच कसोटी घेऊन पुढचे कितीतरी तास चालले.

ही कसोटी लावल्यावर इंग्रजी शब्दांचे आपोआप गट पडत गेले. काही शब्द दोन्ही कामे करताना रूपच बदलतात: नामाआधी ‘माय’, एकटे असताना ‘माइन’, तसेच ‘युअर’ आणि ‘युअर्स’, ‘हर’ आणि ‘हर्स’, ‘देअर’ आणि ‘देअर्स’, आणि याच रांगेत सहसा कोणी न बसवलेली जोडी ‘नो’ आणि ‘नन’. काही शब्द रूप न बदलता दोन्हीकडे चालतात: ‘हिज’, ‘दिस’, ‘सम’, ‘एनी’, ‘ईच’, ‘बोथ’, ‘ऑल’, ‘मेनी’, ‘फ्यू’. काही शब्द फक्त सर्वनामेच असतात, जसे ‘ही’, ‘दे’, ‘समवन’, ‘एव्हरीथिंग’. आणि ‘अ’, ‘ॲन’, ‘द’, ‘एव्हरी’, ‘नो’ हे कधीच एकटे उभे राहत नाहीत. चूक शोधा या प्रकारच्या प्रश्नांत परीक्षक या शेवटच्या गटावर टपून बसलेले असतात. ‘ईच ऑफ द बॉइज’ बरोबर, पण ‘एव्हरी ऑफ द बॉइज’ चूक, कारण ‘ऑफ’च्या आधी सर्वनाम लागते आणि ‘एव्हरी’ला सर्वनाम होता येत नाही, तिथे ‘एव्हरी वन ऑफ’ असा टेकू द्यावा लागतो. नियम म्हणून हे मुलांना आधीही माहीत होते. कारण कळल्यावर तो वेगळा लक्षात ठेवण्याची गरज उरली नाही.

दुसऱ्याच तासाला एका मुलीने रास्त शंका काढली. मराठीत ज्याला विशेषणाचा एक प्रकार म्हणतो, त्याला इंग्रजीत निराळे नाव कशाला हवे? तिच्याकडच्या जुन्या शालेय व्याकरणात ‘दिस’ला दर्शक विशेषण आणि ‘माय’ला स्वामित्वदर्शक विशेषण असेच म्हटलेले होते आणि डिटर्मिनर हा शब्द त्यात कुठेच नव्हता. आठ शब्दजातींच्या जुन्या चौकटीत या वर्गाला जागा नव्हती. लिओनार्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाच्या 1933 सालच्या ग्रंथात ‘डिटर्मिनर’ ही संज्ञा वापरलेली आढळते, आणि शालेय पुस्तकांत ती झिरपायला पुढे बरीच दशके गेली. आजही एक पुस्तक जुन्या चौकटीतले आणि दुसरे नव्या चौकटीतले वाचणारा विद्यार्थी गोंधळला तर त्यात त्याचा दोष नाही. पर्यायांत ‘डिटर्मिनर’ दिलेला असेल तर तो निवडावा आणि नसेल तर ‘दर्शक विशेषण’ निवडावे, असा व्यवहारी सल्ला मी दिला. तरीही नाव वेगळे का केले, ते सांगणे मला आवश्यक वाटले.

विशेषण नामाआधी येते तसे क्रियापदानंतरही येते: ‘अ टॉल बॉय’ आणि ‘द बॉय इज टॉल’. ‘दिस बॉय’चे ‘द बॉय इज दिस’ होत नाही. विशेषणाची तुलना करता येते, ‘टॉलर’ म्हणता येते; ‘माय’ची किंवा ‘एव्हरी’ची तुलना होत नाही. विशेषणे एकामागून एक हवी तितकी जोडता येतात, डिटर्मिनर तसे हवे तितके जोडता येत नाहीत. या तिन्हींपेक्षा मोठी गोष्ट अशी की विशेषण गाळले तरी वाक्य उभे राहते, डिटर्मिनर गाळला तर इंग्रजी वाक्य कोसळते. ‘मुलगा आला’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. ‘बॉय केम’ हे इंग्रजीत वाक्यच नाही. मोजता येणारे एकवचनी सामान्यनाम इंग्रजीत उघडे राहू शकत नाही. त्याच्यापुढे ‘अ’, ‘द’, ‘दिस’, ‘माय’, ‘एव्हरी’ यांपैकी कोणीतरी लागतेच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या निबंधांत आर्टिकल गळतात, याचे मूळ इथे आहे. आपल्या भाषेत ती जागाच सक्तीची नाही, त्यामुळे ती रिकामी राहिलेली आपल्या कानाला खटकत नाही.

यानंतर जो भाग आला त्यात सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जावा अशीच माझी इच्छा होती. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक या चौघांच्या 1985 सालच्या बृहद् इंग्रजी व्याकरणात डिटर्मिनरांची नामाआधीच्या स्थानांनुसार तीन गटांत वाटणी केलेली आहे: आधीचे, मधले आणि नंतरचे. मी फळ्यावर तीन रकाने आखले. मधल्या रकान्यात ‘अ’, ‘द’, ‘दिस’, ‘दॅट’, ‘माय’, ‘हिज’, ‘एव्हरी’, ‘ईच’, ‘सम’, ‘एनी’, ‘नो’. डावीकडे ‘ऑल’, ‘बोथ’, ‘हाफ’, ‘ट्वाइस’, ‘सच’, आणि उद्गारातला ‘व्हॉट’. उजवीकडे ‘वन’, ‘टू’ हे आकडे, ‘फर्स्ट’, ‘लास्ट’, ‘अदर’, ‘मेनी’, ‘फ्यू’. डावीकडून उजवीकडे वाचत गेले की ‘ऑल माय अदर फ्रेंड्स’, ‘बोथ द फर्स्ट टू पेजेस’, ‘ट्वाइस द लास्ट अमाउंट’ असे पदबंध तयार होतात. मात्र मधल्या रकान्याचा कायदा कडक आहे: तिथे एका वेळी एकच शब्द बसतो. एसटीत कोणी रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखी ती जागा असते. ‘माय’ बसला की ‘द’, ‘अ’ किंवा ‘दिस’ यांना उभेच राहावे लागते.

मराठीत असा कायदा नाही. ‘माझा एक मित्र’, ‘माझे हे पुस्तक’, ‘त्या माझ्या भावाने’ असे आपण दिवसभर बोलतो आणि दोन निर्देशक शब्द शेजारी बसले म्हणून काही बिघडत नाही. आपल्याकडचे इंग्रजी नेमके इथे घसरते. तुकडीतल्या प्रत्येकाला मी ‘माझ्या एका मित्राने मला सांगितले’ हे वाक्य इंग्रजीत लिहायला सांगितले. ‘वन माय फ्रेंड टोल्ड मी’ असे काहींनी लिहिले, ‘माय वन फ्रेंड टोल्ड मी’ असे बऱ्याच जणांनी. पहिल्यात ‘वन’ त्याच्या रकान्यातून उठून ‘माय’च्या डावीकडे जाऊन बसला आहे, म्हणून ते चूक. दुसरे अधिक फसवे आहे, कारण रकान्यांच्या हिशेबाने ते बरोबर बसते: मधल्या जागी ‘माय’, उजवीकडे आकडा म्हणून ‘वन’. मात्र त्याचा अर्थ ‘माझा एकुलता एक मित्र’ असा होतो. हे सांगितल्यावर वर्गात हसू पिकले आणि त्यानंतर ‘माय वन फ्रेंड’ हा त्या तुकडीचा चेष्टेचा शब्द होऊन बसला. इंग्रजी इथे जी युक्ती करते तीही रकान्यांमुळेच समजली: मधली जागा ‘अ’ला देऊन मालकी नामाच्या मागे नेऊन ठेवायची, ‘अ फ्रेंड ऑफ माइन’. ‘माझे हे पुस्तक’ म्हणजे ‘दिस बुक ऑफ माइन’. मागे गेल्यावर ‘माय’चे ‘माइन’ का होते, हेही आता सांगावे लागले नाही. ‘ऑफ’नंतर तो एकटा उभा आहे.

‘अनदर’चा उलगडा याच कायद्याने झाला. हा शब्द म्हणजे ‘ॲन’ आणि ‘अदर’ एकत्र चिकटून तयार झालेला, त्यामुळे तो येतानाच मधली जागा अडवून येतो. म्हणून ‘माझा दुसरा भाऊ’ हे ‘माय अनदर ब्रदर’ होत नाही. भाऊ दोनच असतील तर ‘माय अदर ब्रदर’, आणि अनेकांपैकी आणखी एक सांगायचा असेल तर ‘अनदर ब्रदर ऑफ माइन’. मराठीतला ‘दुसरा’ हे दोन्ही अर्थ एकट्याने वाहतो, इंग्रजीत ते वाटून घ्यावे लागतात.

आर्टिकलवर स्वतंत्र तास घेतला, पण त्यातला ‘अ’ आणि ‘ॲन’चा भाग झटपट आटोपला. अक्षर न पाहता उच्चार पाहायचा, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. त्याची सर्वांत जवळची उदाहरणे आमच्याच भिंतीवर लावलेली होती. एमपीएससी हे ‘एम’ने सुरू होते, म्हणजे उच्चारात स्वराने, म्हणून ‘ॲन एमपीएससी ॲस्पिरंट’. यूपीएससी हे ‘यू’ने सुरू होते, म्हणजे उच्चारात ‘य’ या व्यंजनाने, म्हणून ‘अ यूपीएससी ॲस्पिरंट’. ‘द’ला मात्र वेळ लागला. त्यासाठी मी कहाण्यांची मदत घेतली. ‘आटपाट नगर होते, तिथे एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्यांदा आलेला राजा ‘एक’, दुसऱ्यांदा आलेला ‘त्या’. इंग्रजीतला ‘अ’ हा एक या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आणि ‘द’ हा जुन्या दर्शक शब्दापासूनच झिजत आलेला आहे, त्यामुळे हे साम्य वरवरचे नाही. फरक एवढाच की मराठीत ‘राजाला दोन राण्या होत्या’ म्हटले तरी भागते, इंग्रजीत ‘द’ टाळता येत नाही. भौगोलिक नावांचा नियम आपल्या नकाशावर बसवला की पाठांतर हलके होते: ‘द गोदावरी’, ‘द सह्याद्रीज’, ‘द अरेबियन सी’, पण ‘पुणे’, ‘महाराष्ट्र’ आणि ‘कळसूबाई’ यांच्यापुढे काही नाही. नद्या, पर्वतरांगा आणि समुद्र ‘द’ घेतात. शहरे, राज्ये आणि सुटी शिखरे घेत नाहीत.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक शिकवताना इंग्रजी व्याख्या बाजूला ठेवून मराठीत बोलण्याचा मला सर्वाधिक फायदा झाला. ‘फ्यू’ म्हणजे ‘फारसे नाहीत’, ‘अ फ्यू’ म्हणजे ‘थोडेफार आहेत’, आणि ‘द फ्यू’ म्हणजे ‘जे काही थोडे होते ते सगळे’. ‘लिट्ल’चेही हेच तीन भाव आहेत, फक्त ते न मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी. काय मोजता येते आणि काय नाही, याबाबत मात्र मराठीचा आधार सुटतो. आपण ‘दोन सल्ले’ देतो आणि ‘चार बातम्या’ सांगतो; इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ आणि ‘न्यूज’ मोजता येत नाहीत, म्हणून त्यांच्याआधी ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘टू’ चालत नाही; ‘मच’, ‘लिट्ल’ किंवा ‘टू पीसेस ऑफ’ असे म्हणावे लागते. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’ हेही त्याच पंक्तीतले. हे शब्द मी फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवले आणि महिनाभर पुसू दिले नाहीत, कारण इथे तर्क चालत नाही, नजरेसमोर राहिले तरच ते बसतात.

सर्वनामांकडे परत वळलो तेव्हा व्यक्तिवाचक सर्वनामांचा तक्ता कोणाला शिकवण्याची गरज नव्हती. वेळ दिला तो मराठीत जे भेद आहेत आणि इंग्रजीत नाहीत त्यांना. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ दोघांना इंग्रजीत एकच ‘वुई’. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि आदरार्थी ‘आपण’ या तिघांना एकच ‘यू’. इंग्रजीतही पूर्वी एका माणसासाठी ‘दाऊ’ होते, पण ते प्रमाण भाषेतून गेले आणि अनेकवचनी ‘यू’ सगळ्यांसाठी राहिले. सर्वांत रंगला तो ‘हिज’. ‘रामने त्याचे पुस्तक घेतले’ आणि ‘रामने आपले पुस्तक घेतले’ यांत मराठी वाचकाला शंका राहत नाही: पहिल्यात पुस्तक बहुधा दुसऱ्या कोणाचे, दुसऱ्यात रामचेच. इंग्रजीत दोन्हींना ‘राम टुक हिज बुक’. संदिग्धता टाळायची असेल तर ‘हिज ओन’ म्हणावे लागते. माझे स्पष्ट मत असे की ‘आपला’ हा शब्द असलेली भाषा या बाबतीत इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे, आणि मुलांना हे एकदा ऐकवणे त्यांच्या आत्मविश्वासासाठी आवश्यक होते. इंग्रजी व्याकरणाच्या तासाला मराठी म्हणजे फक्त चुकांचे मूळ, असे त्यांनी एव्हाना गृहीत धरले होते.

आत्मवाचक सर्वनामांत मुलाखतीच्या तयारीतून आलेले एक वळण मोडून काढायचे होते. ‘मायसेल्फ अमुक तमुक, फ्रॉम लातूर’ अशी ओळख करून देण्याची पद्धत इतकी रुळली आहे की ती चूक आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो. ‘मायसेल्फ’ एकटा कर्ता होत नाही. कर्ता ‘आय’ असला तरच तो कर्म म्हणून किंवा जोर देण्यासाठी येतो. याउलट ‘एन्जॉय’, ‘अवेल’ आणि ‘ॲबसेंट’ या क्रियापदांबरोबर तो हवा तिथे गाळला जातो. ‘वुई एन्जॉइड व्हेरी मच’ असे सहलीच्या निबंधात लिहिलेले सापडते. तिथे ‘आवरसेल्व्हज’ किंवा ‘द ट्रिप’ यांपैकी काहीतरी कर्म लागते. ‘ॲबसेंट’ क्रियापद म्हणून वापरले की ‘हिमसेल्फ फ्रॉम’ आणि ‘अवेल’ वापरले की ‘हिमसेल्फ ऑफ’ ही जोडी परीक्षकांच्या विशेष आवडीची आहे, म्हणून ती पाठच करवून घेतली.

संबंधी सर्वनामांत पुन्हा मराठीची रचना आडवी आली. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ’ या वाक्यातला ‘जो’ नामाला धरून आला आहे, शिवाय पुढे ‘तो’ने जोडी पुरी केली आहे. इंग्रजीतला ‘हू’ नामाला धरून येत नाही आणि जोडीदारही घेत नाही: ‘द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर’. ‘विच बॉय केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर’ असे लिहिणाऱ्या मुलाच्या डोक्यात मराठीची जो-तो जोडी चालू असते हे ओळखले, की त्याला काय सांगायचे ते शिक्षकाला कळते. नामाला धरून येणारा नेहमीच्या वापरातला संबंधी शब्द म्हणजे ‘हूज’, आणि तो आमच्या कसोटीप्रमाणे डिटर्मिनरच्या बाजूला गेला.

शिकवणी वर्गांमध्ये ‘दोन-तीन-एक’ नावाचा एक मंत्र फिरतो: वाक्यात ‘यू’, ‘ही’ आणि ‘आय’ एकत्र आले तर आधी द्वितीय पुरुष, मग तृतीय, शेवटी प्रथम, आणि अपराध कबूल करायचा असेल तर ‘एक-दोन-तीन’. मुलांनी तो विचारला तेव्हा मी सांगितले की यातला पहिला भाग शिष्टाचार आहे, दुसरा शिकवणी वर्गांची भर, आणि यातल्या कोणत्याही क्रमाने व्याकरण बिघडत नाही. मात्र प्रश्नसंचांत त्यावर प्रश्न दिसतात, तेव्हा परीक्षेपुरता तो पाळावा. ‘ईच अदर’ दोघांसाठी आणि ‘वन अनदर’ दोनपेक्षा अधिकांसाठी, या नियमाचीही तीच गत आहे. प्रत्यक्ष इंग्रजी लेखनात तो फारसा पाळला जात नाही.

खरा पेच ‘एव्हरीवन’चा होता. ‘एव्हरीवन शुड ब्रिंग … बुक’ या रिकाम्या जागी जुनी उत्तरसूची ‘हिज’ मागते. आजचे इंग्रजी सर्रास ‘देअर’ म्हणते, आणि ते आजचेच आहे असेही नाही. एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरल्याची उदाहरणे चौदाव्या शतकापासून मिळतात. मेरियम-वेब्स्टर या कोशाने 2019 सालचा शब्द म्हणून ‘दे’ची निवड केली होती. हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मराठीत ‘प्रत्येकाने आपापले पुस्तक आणावे’ म्हटले की झाले, तिथे हा प्रश्नच येत नाही.” तिचे म्हणणे ‘आपापले’पुरते खरे होते, ‘प्रत्येकाने’ हे रूप पुल्लिंगीच आहे, याकडे तिच्या शेजारणीने लगेच लक्ष वेधले आणि तो वाद मला थांबवावासा वाटला नाही. परीक्षेसाठी मी एवढेच ठरवून दिले: पर्यायांत ‘हिज’ आणि ‘देअर’ दोन्ही असतील तर आधीच्या वर्षांच्या उत्तरसूचीचा कल पाहावा, आणि स्वतःच्या लेखनात निःसंकोचपणे ‘देअर’ लिहावे.

घटक संपवताना नवे काही न शिकवता इंग्रजी वर्तमानपत्रांचे अग्रलेख कापून वाटले आणि प्रत्येक नामाआधीचा डिटर्मिनर अधोरेखित करून रकान्यात बसवायला सांगितला. रकान्यांचा कस खरा तिथे लागला. एकाला ‘हिज एव्हरी मूव्ह’ सापडले आणि त्याने विजयी चेहऱ्याने ते दाखवले, कारण मधल्या जागेत ‘हिज’ आणि ‘एव्हरी’ दोघे बसले होते. हा अपवाद इंग्रजीत खरोखरच आहे. स्वामित्वदर्शक शब्दानंतर ‘एव्हरी’ चालतो, ‘ईच’ चालत नाही. दुसरीला ‘एव्हरी फ्यू डेज’ मिळाले आणि ‘एव्हरी’नंतर अनेकवचन कसे, असे तिने विचारले. तिथे ‘काही दिवसांचा टप्पा’ हा एक धरला जातो, जसे ‘अनदर टू डेज’मध्ये दोन दिवस मिळून एक मुदत होते. सर्वांत जास्त वेळ ‘सच’ने खाल्ला. ‘सच अ रूल’मध्ये तो ‘अ’च्या आधी येतो म्हणून आम्ही त्याला डावीकडे बसवले होते; अग्रलेखात ‘नो सच रूल’ आणि ‘मेनी सच केसेस’ निघाले, म्हणजे तो मधल्याच्या आणि आकड्यांच्याही उजवीकडे गेला. शेवटी ‘सच’ दोन्ही रकान्यांत लिहिला, ‘अ’ किंवा ‘ॲन’ असेल तर त्याच्या डावीकडे आणि ‘नो’, ‘वन’, ‘मेनी’ यांच्याबरोबर उजवीकडे, अशी टीप खाली घातली आणि तो तक्ता पुढच्या तुकडीसाठी तसाच छापायला दिला.